धावपट्टीच्या पुढे काय बांधले आहे?

महोदय,

लढाऊ विमान कोसळल्याची बातमी आली की चर्चा बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते : विमान किती जुने होते, आणि वैमानिकाने शेवटच्या क्षणी काय केले. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु उड्डाणानंतर लगेचच झालेल्या अपघातात जमिनीवरची माणसे का दगावली, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

२१ जुलै २०२५ रोजी ढाक्यातील कुर्मिटोला तळावरून दुपारी सव्वाच्या आधी निघालेले बांगलादेश हवाई दलाचे एफ-७ बीजीआय हे चिनी बनावटीचे लढाऊ विमान काही मिनिटांतच उत्तरा भागातील माइलस्टोन शाळेच्या इमारतीवर कोसळले. वैमानिकासह तीसहून अधिक जण मरण पावले आणि त्यांत बहुतांश शाळकरी मुले होती. विमानाच्या वयाकडे बोट दाखवणाऱ्यांनी एक तपशील लक्षात घ्यावा. आराखडा मिग-२१ वरून घेतलेला, म्हणजे १९५० च्या दशकातला असला, तरी बीजीआय ही त्या मालिकेतील अखेरची आवृत्ती होती आणि ती बांगलादेशला २०१३ च्या सुमारास मिळाली होती. पहिल्या दिवशी यांत्रिक बिघाडाचे कारण सांगितले गेले. नोव्हेंबरमध्ये सादर झालेल्या चौकशी अहवालाने मात्र वैमानिकाचे नियंत्रण सुटल्याचे म्हटले. पहिल्या दिवसाच्या खुलाशावर किती विसंबावे, हे यावरून ठरवता येईल.

त्याच अहवालातील दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. प्राथमिक प्रशिक्षणाची उड्डाणे ढाका शहराबाहेर न्यावीत, अशी शिफारस त्यात आहे आणि शाळेच्या इमारतीत नियमाप्रमाणे पुरेसे जिने नव्हते, असेही नमूद आहे. दोन कोटींच्या घरातील लोकसंख्येचे शहर तळाभोवती वाढत गेले, तळ होता तिथेच राहिला, आणि शिकाऊ उड्डाणांच्या वाटेखाली वर्ग भरू लागले. विमान निर्दोष असते तरी हा धोका टळला नसता.

याचे कारण उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांत आहे. विमान इंधनाने जड असते, उंची मोजकी असते आणि वेग अजून पुरता वाढलेला नसतो. उंचावर इंजिन बंद पडले तर वैमानिक ती उंची खर्चून विमान तरंगत नेऊ शकतो, इंजिन पुन्हा चालू करून पाहू शकतो. जमिनीलगत ती सवड नसते. मागे वळून धावपट्टी गाठावी म्हटले, तर वळतानाच उरलासुरला वेग आणि उंची हातची जाते. पक्षी धडकण्याचे बहुतेक प्रकारही याच उंचीवर घडतात. आसनासह बाहेर फेकले जाण्याची सोय असली, तरी विमान कलते झाले किंवा वेगाने खाली येऊ लागले की तिचा भरवसा उरत नाही. १ फेब्रुवारी २०१९ रोजी बेंगळुरूच्या एचएएल विमानतळावर मिराज-२००० हे लढाऊ विमान कोसळले, तेव्हा दोन्ही वैमानिक बाहेर पडले होते. तरीही दोघांचे प्राण वाचले नाहीत. ते विमान विमानतळाच्या सीमेजवळच पडले, म्हणून वस्तीवरचे संकट टळले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत प्रवासी विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले, तिथे तसे झाले नाही. विमान लष्करी असो वा नागरी, धावपट्टीपुढच्या जमिनीला तो भेद कळत नाही.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नव्हे. संरक्षण आस्थापनांलगतच्या बांधकामावर निर्बंध घालण्याचा अधिकार १९०३ च्या कायद्याने सरकारला आहे. विमान नियम १९३७ नुसार विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणारा कचरा टाकण्यास आणि जनावरे कापण्यास मनाई आहे. (कचऱ्याचे ढीग आणि घारी यांचा संबंध विमान अपघाताशी असतो, हे किती नगरसेवकांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे.) मात्र परवानगी देणारी संस्था वेगळी, हरकत घेणारी वेगळी आणि इमारत उभी राहिल्यावर ती पाडायचे धाडस कोणाचेच नाही.

त्यातच नागरी विमानाच्या अपघाताचा प्राथमिक अहवाल लोकांसमोर येतो. अहमदाबादचा तर महिनाभरात आला. लष्करी अपघातांची ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’, म्हणजे दलाची अंतर्गत चौकशी, मात्र सहसा दाराआडच राहते. शस्त्रप्रणाली आणि विमानाच्या क्षमतेचे तपशील गुप्त राहिलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. परंतु उड्डाणमार्गाखाली शाळा, रुग्णालये वा दाट वस्ती होती का, आणि तिला परवानगी कोणी दिली, यात शत्रूच्या उपयोगाचे असे काय आहे? तेवढा भाग तरी हवाई दलाने प्रसिद्ध करावा.

आपल्या वृत्तपत्राने पुढच्या अपघाताची वाट न पाहता हवाई तळांच्या धावपट्ट्यांच्या दोन्ही टोकांपुढे आज कोणती बांधकामे उभी आहेत आणि त्यांना ना-हरकत कधी मिळाली, याची नकाशासह माहिती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक