सराव म्हणजे 'नुसती तालीम' नव्हे

महोदय,

हवाई प्रात्यक्षिकाच्या दिवशी लोक सूचना पाळतात. आधीच्या सरावाला मात्र 'आज नुसती तालीम आहे' म्हणून कोणी मनावर घेत नाही. गच्च्यांवरून ड्रोन उडतात, पतंगही खाली येत नाहीत. लढाऊ विमाने तर सरावातही तितक्याच वेगाने आणि एकमेकांच्या तितक्याच जवळून उडतात. उलट उंच मनोरे, बांधकामाच्या क्रेन, दिशेसाठी धरायचे रस्ते वैमानिकांना याच फेऱ्यांत पारखून घ्यायचे असतात. धोका सरावात अधिकच म्हणायला हवा.

ताफ्यात पुढचा मार्ग पाहतो तो मुख्यतः म्होरक्या. बाकीच्यांची नजर शेजारच्या विमानावर खिळलेली असते. त्याच्या पंखाचे टोक आणि धडावरची ठरलेली खूण एका रेषेत धरूनच ते आपली जागा राखतात. वाटेत आलेला ड्रोन त्यांना दिसणे कठीण, आणि दिसला तरी काही मीटरवर दुसरे विमान असल्याने झटकन वळायला वाव नसतो. विमानाचा वेग ताशी ७२० किलोमीटर धरला, तर ते सेकंदाला २०० मीटर कापते. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे किलोभर वजनाची घारसुद्धा इंजिनाची पाती मोडू शकते. घारी-कावळे उघड्या उकिरड्यावर जमतात, तेव्हा उड्डाणमार्गाखालचा कचरा सराव सुरू होण्याआधीच उचलला गेला पाहिजे. गच्चीवर खाणाऱ्यांनीही उरलेसुरले तिथे टाकू नये.

बघणाऱ्यांसाठीही थोडेसे. आवाजाच्या दिशेला पाहिले तर आभाळ रिकामे दिसते. तीन किलोमीटरवरून आवाज यायला सुमारे नऊ सेकंद लागतात आणि तेवढ्यात वर सांगितलेल्या वेगाचे विमान जवळजवळ पावणेदोन किलोमीटर पुढे गेलेले असते. नजर आवाजाच्या बरीच पुढे ठेवावी. विमान आधी नुसत्या डोळ्यांनी पकडावे, मग नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावावी. आठपट दुर्बीण पुरते, त्याहून मोठी हातात थरथरते. सूर्याच्या बाजूला ती मुळीच फिरवू नये. छायाचित्रासाठी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद हवे. लहान मुलांच्या कानांवर आवाज रोखणारे कानझाकण बसवावे. आणि वर पाहत मागे सरकू नये, विशेषतः ठेंगण्या कठड्याच्या गच्चीवर.

काही गोष्टी पाहून उगाच घबराट होते. धुराची रेघ मध्येच तुटली म्हणजे इंजिन बंद पडले असे नाही. बहुधा डिझेल किंवा हलके तेल गरम झोतात सोडून हा धूर करतात आणि वैमानिक तो बटणाने थांबवतो. दमट हवेत जोराच्या वळणावर पंखांवर पांढरे धुके दिसते, ते हवेतले बाष्प थंड होऊन झालेले बारीक जलकण असतात. समोरासमोर येणारी विमाने धडकणार असे वाटले, तरी त्यांच्यात आडवे अंतर राखलेले असते; बाजूने पाहताना ते लक्षात येत नाही.

आपल्या पत्राने प्रात्यक्षिकाबरोबर सरावाच्याही तारखा, वेळा आणि ड्रोन-पतंगबंदीची हद्द ठळक छापावी, ही विनंती. ढग खाली उतरले की सराव पुढे ढकलतात, तेव्हा राखीव दिवसही द्यावा. तो दिला नाही, तर ढगाळ दिवशी पतंग उतरवलेले लोक दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चढवतात आणि नेमकी त्याच दिवशी विमाने येतात.

आपले,
हवाई कसरतींचे काही अभ्यासक