लेकराला किती दुखतंय ते विचारा आणि चार्टवर लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी 29 वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली बरीचशी मुलांच्या वॉर्डात. मागच्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या नातवाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी राउंडला सगळे म्हणाले किती शहाणा आहे, रडत पण नाही. दुखतंय का रे विचारलं तर त्याने नाही म्हणून मान हलवली, झालं, पुढच्या बेडवर गेले. पण पोर पाय पोटाशी घेऊन नुसतं पडून होतं, कुशीवर वळवायला गेलं की कपाळाला आठ्या, खोकला आला तरी दाबून धरायचा. रात्री माझ्या कानात म्हणाला, आजी, दुखतं म्हटलं की सुई टोचतात.

मग मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सहा चेहरे काढले, पहिला साधा आणि शेवटचा फार दुखतंय असा, आणि त्याला सांगितलं की तू रुसलायस का हे नाही विचारत, पोटात किती दुखतंय तेवढंच बोटाने दाखव, सुई देणार नाही कोणी. त्याने पाचवा दाखवला. पहिला चेहरा शून्य आणि पुढे दोन-दोनने वाढत शेवटचा दहा, म्हणजे दहापैकी आठ! नाईटच्या सिस्टरला सांगितलं, तिने डॉक्टरांना फोन करून चालू सलाईनमधूनच पेनकिलर दिलं, पाऊण तासाने परत विचारलं तर तिसऱ्या चेहऱ्यावर बोट आणि मग स्वतःहून कूस बदलून झोपला.

हे काही माझं डोकं नाही, चेहऱ्यांचे तक्ते तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी कधीचे आहेत. बोलता न येणाऱ्या बाळांचं दुखणं मोजायला फ्लॅक स्केल आहे, चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होतं का, प्रत्येकाला 0 ते 2 मार्क, एक-दोन मिनिटं नीट बघावं लागतं बस. आठएक वर्षांच्या पुढे सरळ 0 ते 10 मधला आकडा विचारायचा.

आम्ही शिकलो तेव्हा तान्ह्या बाळाला कुठे कळतं असं सांगायचे आणि मी ते खरं मानून किती बाळांना घट्ट धरून सुया टोचू दिल्या, आजही आठवलं की जिवाला लागतं. परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलांत सुद्धा 1980 च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं नावापुरती भूल देऊन व्हायची. आपल्या इंदूरला शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अभ्यास करून 1987 मध्ये दाखवलं की नीट वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि गुंतागुंतही कमी होते.

मोठ्या मुलांचं तर अजून अवघड. आमच्या विदर्भात सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, पंधरा-सोळा वर्षांच्या मुली हाडं फुटल्यासारखं दुखतंय म्हणून येतात, वरून काहीच दिसत नाही, ना जखम ना सूज, वर ती मोबाईल बघत बसलेली असते म्हणून नाटक करते म्हणतात. अहो, नेहमीचं दुखणं असलेली पोरं दुखणं विसरायलाच मोबाईल बघतात, ती सांगते तोच आकडा खरा धरायचा.

माझी मागणी एवढीच की टीपीआर चार्टवर ताप, नाडी आणि श्वासाच्या शेजारी दुखण्याचा एक रकाना असावा, दर वेळी भरावा आणि औषध दिल्यावर परत भरावा, एका सिस्टरकडे चाळीस बेड असतात ते मला माहीत आहे पण वॉर्डात लेकरांजवळ बसलेल्या त्यांच्या आयांना तक्ता समजावला तर त्याही सांगू शकतात. आणि लसीकरणाच्या दिवशी आई बाळाला अंगावर पाजत असतानाच बाळाला सुई द्या, जागतिक आरोग्य संघटनेनेच 2015 मध्ये सांगितलंय, याला पैसा लागत नाही.

जिल्ह्यातल्या कुठल्याही वॉर्डाने बोलावलं तर तक्ता घेऊन मी स्वतः येईन, एसटीचं भाडं माझं.

एक निवृत्त परिचारिका, चंद्रपूर