नऊ एक

डहाणू,
१४ नोव्हेंबर

प्रिय विनू,

परवा तू फोनवर डोंबिवली स्टेशनच्या गर्दीला वैतागला होतास, तेव्हाच ठरवलं की हे तुला पत्रातच सांगायचं. तुझ्या त्या स्टेशनाचं जुनं नाव डेमलो. जी. आय. पी. रेल्वेच्या, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेच्या, जुन्या काळात गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना तिथे काही संख्या सुचल्या, म्हणून त्यांनी त्या संख्यांचं नाव 'डेमलो संख्या' ठेवलं. त्यातलीच एक परवा आमच्या वाळूत उतरली. हे कापरेकर आमच्या डहाणूचे, जन्म १९०५ चा. पुढे देवळालीला शाळेत मास्तर होते.

रविवारी ओहोटीला भाचीला घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. तिला १११११११११ चा वर्ग हवा होता, आणि मोबाइलने मागचे अंक गिळून टाकले होते. मग सुरूची एक काडी घेतली आणि ओल्या वाळूत मांडलं. नऊ एकांची एक ओळ. तिच्याखाली तीच ओळ, एक घर डावीकडे सरकवून. अशा नऊ ओळी. नंतर उजवीकडून एकेक रकाना मोजायला लागलो. पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या रकान्यात नऊ एक सुरूच्या झाडांसारखे सरळ उभे, आणि तिथून पुन्हा उतार. पोरगी गुडघे टेकून खाली अंक लिहीत गेली:

१२३४५६७८९८७६५४३२१

विनू, एवढ्या बेरजेत एकदाही हातचा घ्यावा लागला नाही रे! सगळं सौंदर्य त्यातच आहे. कुठलाच रकाना नवाच्या वर जात नाही, म्हणून प्रत्येक अंक आपापल्या घरात राहतो आणि संख्या दोन्हीकडून सारखीच वाचता येते. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. नऊ एक म्हणजे १११ गुणिले १००१००१. आणखी फोडलंस तर ३, ३, ३७ आणि ३३३६६७. वर्गात यातला प्रत्येक दोनदा. १२३४५६७९ ला, म्हणजे आठ गाळून, ९ ने गुणलंस तरी तेच नऊ एक.

मग भाचीने विचारलं, याला म्हणायचं काय? भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातली स्थानांची नावं मला पाठ आहेत, ती म्हणत एकेका अंकावर काडी टेकवत गेलो. एकं, दहं, शतं... मधला नऊ अर्बुदावर आला. पुढे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू. आणि जलधि! जलधिच्या घरात तीन होता. पोरगी उठून समुद्राकडेच बघायला लागली. शेवटचा एक 'मध्य'वर थांबला. त्यापुढे त्या यादीत एकच नाव उरतं, परार्ध.

घरी येऊन दहा एकांचं करून पाहिलं. मधल्या रकान्यात दहा झाले, शून्य ठेवून हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळवला, पुन्हा दहा. त्याचा हातचा आठात गेला आणि आठाचा नऊ झाला. आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढावरचा आठ गेला, मध्ये दोन शून्यं आली. एकोणीस अंक झाले, आणि लीलावतीची नावं अठराव्या स्थानालाच संपतात. ज्या एका हातच्याने ही घडी मोडली, तो मी वहीत लाल पेनने गोल करून ठेवलाय.

वहिनींना नमस्कार. चिकू उतरवलेत, पेटी शनिवारच्या लोकलने आणतो. वहीही आणतोय.

तुझा,
बाळ्या