कॉलेजच्या कर्जाबद्दल सईला

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर ‘बाबा, सगळं बसतंय’ म्हणालीस, म्हणून कॉलेजचं अवॉर्ड लेटर, म्हणजे कुठून किती पैसे मिळणार ते सांगणारं पत्र, नीट वाचून काढलं. बसतंय खरं. पण ग्रँट (परत न करायचे पैसे), वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून मिळणारा पगार) आणि सरकारी कर्ज यांची एकत्र बेरीज करून वर ‘एड’ असं लिहिलंय. त्यातले ५,५०० डॉलर फेडायचे आहेत. कर्जाला मदत म्हणायची ही तऱ्हा मला काही पटत नाही.

यातले ३,५०० सबसिडाइज्ड आहेत. तू निदान अर्धवेळ शिकत असेपर्यंत त्यांचं व्याज फेडरल सरकार भरतं. ते बिनदिक्कत घे. उरलेले २,००० अनसबसिडाइज्ड. कॉलेजात पैसे जमा झाले की त्याच दिवसापासून व्याज तुझ्या नावावर चढायला लागतं. २०२५-२६ चा दर ६.३९ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण १२८ डॉलर, महिन्याला अकराच्या आत. हप्ते शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू होतात, पण हे व्याज वर्क-स्टडीच्या पगारातून आत्तापासूनच भरत गेलीस तर नंतर एकदम अंगावर येणार नाही. कर्जाच्या रकमेतून एक टक्क्याहून किंचित जास्त फी आधीच कापली जाते, तीही हिशेबात धर.

देऊ केलं म्हणून सगळं घ्यायलाच हवं असं नाही, रक्कम कमी करून मागता येते. घेतल्यावरही १२० दिवसांत जास्तीचे पैसे परत केलेस तर तेवढ्यावर ना व्याज, ना फी.

मास्टर प्रॉमिसरी नोटवर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या करारावर, सही तुझी एकटीची. तुला पगार नाही, क्रेडिट हिस्ट्री नाही, तरी हे कर्ज मिळतं; खासगी बँकेने आधी माझी सही मागितली असती. मात्र ही एक नोट दहा वर्षांपर्यंत चालते. बहुतेक कॉलेजांत दरवर्षी नवी सही लागत नाही, आणि मग आकडा कधी फुगला ते कळतही नाही. दर वर्षाच्या कर्जाला त्या वर्षीचा दर लागतो, तेव्हा एका वहीत प्रत्येक वर्षाची रक्कम आणि दर लिहून ठेवत जा.

लेटरमध्ये खाली पेरेंट प्लस हे पालकांनी घ्यायचं सरकारी कर्जही सुचवलंय. ते माझ्या नावावर, २०२५-२६ च्या दराने ८.९४ टक्क्यांनी. ते घेत नाही. उरलेली फी आई आणि मी कॉलेजच्या मासिक हप्त्यांनी भरू, तो घोर तू लावून घेऊ नकोस.

एन्ट्रन्स कौन्सेलिंग, म्हणजे कर्जाची माहिती देणारा ऑनलाइन पाठ, पूर्ण केल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. नुसतं ‘नेक्स्ट’ दाबत जाऊ नकोस, वाच. अडलं तर शनिवारी फोन कर, मी घरीच आहे.

तुझा,
बाबा