मावशी, तुमचा मे महिना आम्हाला दिलात

आदरणीय मावशी,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

समोर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून हात झटकता, म्हणून हे जाहीर पत्र. वाचनालयाच्या सूचनाफलकावरही लावणार आहे.

मे महिना म्हणजे तुमचा कमाईचा महिना. कुरडया, पापड, सांडगे, लोणची, सगळ्या ऑर्डरी याच दिवसांतल्या. ऊन चुकलं की वाळवण बिघडलं. त्या धांदलीत गच्ची सुनेच्या भरवशावर टाकून तुम्ही सकाळी बालविभागाच्या पाककला शिबिराला येत राहिलात. मानधनाचं विचारलं तर म्हणालात, "त्याची पुस्तकं घ्या." मला हायसंच वाटलं. सार्वजनिक ग्रंथालयाच्या अनुदानात पगार, पुस्तकं आणि वीजबिल यांचाच मेळ बसता बसत नाही. पोहे, गूळ, कैऱ्या कुठल्या रकान्यात दाखवणार?

कार्यकारिणीची धास्ती काही खोटी नव्हती. पुस्तकांशेजारी शेगडी नको, हे मलाही मान्य. शिवाय जुन्या बांधणीत खळ असते, तिच्यावर झुरळं आणि कसर टपलेलीच. त्यात गुळाचा खडा सांडला की मुंग्यांची रांग लागलीच म्हणून समजा. तुम्ही वाद घातला नाहीत. "विस्तवाचं मी घरून करून आणते, बाकीचं पोरं करतील," एवढंच म्हणालात. मग पन्ह्याच्या उकडलेल्या कैऱ्या डब्यातून आल्या आणि तक्कूची फोडणी वाटीतून. (तक्कूवर फोडणी गार करूनच घालतात, त्यामुळे घरून आणली म्हणून काही बिघडलं नाही.) सगळा पसारा व्हरांड्यात, गुळाचं पातेलं पाण्याच्या परातीत. हात धुऊन, कोरडे करून, तुम्हाला दाखवल्याशिवाय एकही पोर आत कपाटाकडे फिरकलं नाही. इतकी शिस्त मला बालविभागात कधी लावता आलेली नाही.

दडप्या पोह्यांचा दिवस तर विसरणं शक्य नाही. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, कैरीचा कीस, मीठ-साखर सगळं पोरांनी कालवलं. एकीनं पाण्याचा पेला उचलला, तर तुम्ही तिचा हात धरलात आणि कांदा-खोबऱ्याचा ओलावा पोहे कसे पितात ते बोटांनी दाबून बघायला लावलंत. मग दडपायला वजन हवं. चौथीतला एक पठ्ठ्या सरळ आत गेला आणि मराठी विश्वकोशाचा खंड छातीशी धरून आला. माझा जीव वरखाली. तुम्ही मात्र खंड हातावर तोलून पाहिलात आणि म्हणालात, "वजन झकास आहे. आधी यात आंबा शोध बघू." त्या खंडात तो नव्हता, म्हणून गडी परत जाऊन बरोबर खंड घेऊन आला. पोह्यांवर पाण्यानं भरलेला तांब्या चढला आणि ते मुरेपर्यंत आंब्याची नोंद मोठ्यानं वाचून झाली. विश्वकोशाची भाषा चौथीच्या पोराला जडच. पण तो अडला की तुम्ही कलम कसं बांधतात, मोहोर का गळतो हे सांगून त्याला पुढे ढकलत होतात. वाचनालयात इतकी वर्षं काढून मला असा वाचनाचा तास घेता आला नव्हता.

चिकाचे गहू मात्र आम्हाला महागात पडले. तीन दिवस भिजत घातलेले, रोज पाणी बदलायची पाळी मुलांची. तिसऱ्या दिवशी तो आंबूस वास वृत्तपत्र विभागापर्यंत पोचला आणि एका ज्येष्ठ सभासदांनी तक्रारवहीत रीतसर नोंद केली. दुसऱ्या दिवशी तुम्ही गरम चीक घेऊन आलात तेव्हा पहिली वाटी त्यांनीच घेतली. वर जिरं-मीठ घातलेला की दूध-साखरेचा, यावर मुलांशी वादही घातला.

आमचं पाकशास्त्राचं कपाट, क्रमांक 641.5, एरवी सणासुदीलाच उघडायचं. आता त्यातली पुस्तकं पोरं घरी नेतात आणि आया येऊन विचारतात, "याला सुरी हातात द्यायची का हो?" मी तुमचंच सांगते: आधी किसणी, नखं सांभाळून, सुरी पुढच्या वर्षी.

तुमची मोठी परात आणि दोन किसण्या अजून इथेच आहेत. रविवारी शिपाईमामा पोचवतील, तुम्ही उन्हातून येऊ नका. मुलं दिवाळीच्या सुट्टीत चिवडा शिकायचं म्हणतायत. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण तेव्हा तुमच्या फराळाच्या ऑर्डरी असणार. जमत नसेल तर बिनधास्त नाही म्हणा.

आपली,
ग्रंथपाल