नव्या सेन्सरमधील लहान अँटेना आणि माहितीपत्रकातील रेंज : तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या मॉडेलच्या बिनतारी सेन्सरची रेंज अपुरी असल्याबाबत.

महोदय,

तासगाव तालुक्यातील (जि. सांगली) माझ्या द्राक्षबागेत पानांचा ओलावा मोजणारे आपले सेन्सर मी काही हंगामांपासून वापरत आहे. बाहेर दांडीची अँटेना असलेल्या जुन्या मॉडेलबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. यंदा फळछाटणीच्या सुमारास घेतलेल्या नव्या मॉडेलमध्ये ती दांडी काढून अँटेना आत बसवली आहे, आणि तरीही माहितीपत्रकात रेंज पूर्वीइतकीच, म्हणजे दोन किलोमीटर, छापलेली आहे.

दोन्ही मॉडेल एकाच खांबावर, एकाच उंचीवर लावून पाहिली असता गच्चीवरील गेटवेला (सेन्सरच्या नोंदी गोळा करणाऱ्या यंत्राला) जुन्याचा सिग्नल उणे 104 डीबीएम आणि नव्याचा उणे 116 डीबीएम मिळतो (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचे माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण). बारा डेसिबलचा हा फरक म्हणजे नव्या सेन्सरकडून जुन्याच्या सुमारे सोळावा हिस्सा शक्ती पोहोचते. दोन्हींची प्रक्षेपण शक्ती आपण सारखीच छापली असल्याने उणीव अँटेनाचीच आहे, असे माझे ठाम मत आहे.

हे सेन्सर 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तेथे तरंगलांबी सुमारे 35 सेंटीमीटर असते आणि तिचा चौथा हिस्सा, पावणेनऊ सेंटीमीटर, हेच साधारण जुन्या दांडीचे माप होते. बॅटरी बदलताना नव्याचे झाकण उघडले, तर आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान अँटेना बॅटरीला जवळजवळ चिकटून बसवलेली दिसली. अँटेना तरंगलांबीच्या मानाने फार लहान केली की कार्यक्षमता किंवा बँडविड्थ (अँटेना चालते तो वारंवारतांचा पट्टा) यांवर पाणी सोडावे लागते, हे व्हीलर यांनी 1947 मध्ये आणि चू यांनी 1948 मध्ये, या दोन अभियंत्यांनी, मांडले आहे. हा निसर्गनियम कोणालाच चुकत नाही, त्यामुळे त्याचा दोष मी आपल्याला देत नाही. मात्र आटोपशीर आकारासाठी काय गमावले, हे ग्राहकापासून लपवणे मला मान्य नाही.

शिवाय अशा अँटेनाचा ठरलेल्या वारंवारतेशी असलेला मेळ जवळच्या धातूने सहज बिघडतो, आणि आपला क्लॅम्प तर यंत्र थेट मांडवाच्या लोखंडी अँगलला टेकवतो. तारांपासून दूर, बांबूवर बांधल्यावर सिग्नल सुधारला, पण जुन्याची बरोबरी झाली नाही.

सर्वांत मोठे नुकसान पावसात होते. ओली पाने सिग्नल शोषतात. ही घट सोसण्याइतकी जादा शक्ती जुन्या मॉडेलच्या सिग्नलकडे शिल्लक होती, नव्याकडे नाही. दावण्या (डाउनी मिल्ड्यू) या द्राक्षावरील रोगासाठी फवारणी घ्यायची की थांबायचे, हे ज्या रात्रीच्या ओलाव्यावर ठरते, नेमक्या त्याच रात्रीच्या नोंदी गायब असतात. सिग्नल क्षीण झाला की सेन्सर संथ गतीने, अधिक वेळ प्रक्षेपण करतो, त्यामुळे बॅटरीही लवकर उतरते.

तरी नव्या सेन्सरच्या बदल्यात बाहेरील अँटेना जोडता येईल असे मॉडेल द्यावे, अन्यथा संपूर्ण रक्कम परत करावी. तसेच नव्या मॉडेलची रेंज पानांनी भरलेल्या मांडवात मोजून माहितीपत्रकात स्वतंत्रपणे छापावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मला ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली

सोबत : खरेदी पावतीची प्रत, दोन्ही मॉडेलच्या सिग्नल नोंदी