शंभर मात्रांची बाटली आणि वीस पिल्लं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण घरगुती इनक्युबेटरवर, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीवर, कोंबडीची पिल्लं काढणाऱ्या एका ताईंची यशोगाथा छापलीत. ताईंच्या कष्टांचं कौतुक आहेच. पण लेख वाचून सोमवारी सकाळीच दोघं जण 'काका, तशी पेटी बनवून द्या' म्हणत दारात उभे राहिले, म्हणून लिहायला बसलो. मी एस.टी.च्या आगारात इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्त झाल्यापासून अशा पेट्या बनवून देतो. धंदा म्हणावा इतकं नाही, पण हात रिकामे राहत नाहीत. पेटी खपली तर माझे दोन पैसे सुटतात, तरीही सांगतो की लेखात अर्धीच गोष्ट आली आहे. निघालेली पिल्लं जगवायची कशी आणि त्यांना लस मिळायची कशी, ही उरलेली अर्धी.

पेटीत विशेष काही नसतं. थर्माकोलचा किंवा प्लायवूडचा खोका, 40 वॅटचे दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, एक थर्मोस्टॅट, आणि अंड्यांच्या उंचीवर ठेवलेला तापमान-आर्द्रतेचा मीटर. बल्ब तारेचाच हवा. एलईडी लावून 'काका, गरमच होत नाय' म्हणणारे भेटलेत. पंखा असेल तर 37.5 अंश, आणि 21 दिवस. बल्ब बंद-चालू होत असल्यामुळे दिवसाला एखादंच युनिट जळतं. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवायची. आकडा विषम एवढ्यासाठी, की रात्रीची लांब पाळी रोज त्याच कुशीवर जाऊ नये. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद. एवढं कोणालाही जमतं.

आता 'पंच्याण्णव टक्के पिल्लं निघतात' या वाक्याबद्दल. टक्के कशाचे, हे लेखात नाही. मशीन विकणारे फलित अंड्यांचे टक्के सांगतात, वाचणारा मात्र पेटीत ठेवलेल्या सगळ्या अंड्यांचा हिशोब करतो. शंभरातली वीस अंडी मुळातच फळलेली नसतील, तर उरलेल्या ऐंशींतून सत्तर टक्के धरा, म्हणजे छप्पन्न पिल्लं. घरगुती पेटीला एवढं आलं तरी मी चांगलंच म्हणतो. अंडी फळलेली हवीत तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा लागतो. दुकानातली पांढरी अंडी उबवायला आणणारेही आहेत. ती ज्या कोंबड्यांची, त्यांनी आयुष्यात कोंबडा पाहिलेला नसतो. लांबून मागवलेल्या अंड्यांची आणखी वेगळी तऱ्हा. आमच्याच एस.टी.च्या पार्सलमधून मुंबई-गोवा महामार्गाने आलेली अंडी बाहेरून अखंड दिसतात. बॅटरीसमोर धरली की आतली हवेची पोकळी जागा सोडून हिंदकळताना दिसते. अशी अंडी रुंद टोक वर करून रात्रभर स्वस्थ ठेवावीत आणि मगच पेटीत घालावीत, तरी काही जातातच. खड्ड्यांवर एवढंच लिहितो, बाकी आपल्या अंकात रोज येतंच.

ओलाव्यासाठी पेटीत ठेवतात त्या पाण्याच्या ताटलीचंही असंच. मशीनसोबत येणारं पत्रक सांगतं, ताटली कायम भरलेली ठेवा. हे पत्रक लिहिणाऱ्याने कोकणातला जुलै बघितलेला नसावा. अंड्यातलं पाणी 21 दिवसांत हळूहळू उडावं लागतं. पिल्लू बाहेर यायच्या वेळेपर्यंत अंड्याचं वजन बारा-तेरा टक्के घटलेलं असलं पाहिजे, तरच आतली हवेची जागा मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास घेता येतो. पाऊस लागल्यावर 27 अंशांची, 85 टक्के ओलाव्याची हवा पेटीत शिरून 37.5 ला तापली की तिचा ओलावा आपसूक 47 टक्क्यांच्या आसपास येतो. अठरा दिवस पन्नासच्या मागेपुढे एवढंच तर हवं असतं. त्यामुळे पावसाळ्यात मी ताटली कोरडी ठेवायला सांगतो आणि शेवटच्या तीन दिवसांत भरायला लावतो, कारण तेव्हा 65-70 टक्के लागतात. माझे मेहुणे अकोल्याला असतात, तिकडे मे महिन्यात सगळं उलटं. ताटली दिवसातून दोनदा भरावी लागते, शिवाय भलताच धोका असतो. पेटीला तापवता येतं, गार करता येत नाही. खोलीतच 42 अंश असतील तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करून गप्प बसतो आणि अंडी एका दुपारीत उकडून मरतात. थोड्या गारठ्याने पिल्लाला फक्त उशीर होतो, जास्तीची ऊब मात्र तासाभरात घात करते.

वीज जाते त्याचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. लेखात मात्र हा प्रश्नच नव्हता. दोन-तीन तास गेली तर पेटीवर गोधडी टाकायची आणि झाकण उघडायचं नाही. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज थोडा वेळ अंड्यांवरून उठतेच. इन्व्हर्टर असेल तर 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर पेटी दिवसभर तरी निघते. पण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा आमच्या जिल्ह्यात दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तिथे इन्व्हर्टर काय करणार! आगारात राखीव गाडी उभी असायची, तशी एक खुडूक कोंबडी पेटीसोबत बाळगावी, असं मी पेटी देतानाच सांगतो. दहा-बारा अंडी ती सहज सांभाळते. शिवाय पेटीतून निघालेली पिल्लं रात्रीच्या अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सारली, तर सकाळी ती आपली म्हणून त्यांना चरायला घेऊन हिंडते. ही युक्ती आमच्या सौभाग्यवतींची. 'तुमची पेटी पिल्लं काढील वो, पण घार आली की पंखाखाली कोण घेणार?' हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला माझ्या वायरिंगमध्ये उत्तर नाही. इजिप्तमध्ये शेकडो वर्षं मातीच्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवली जातात. तिथले कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब पारखतात. हे मी वाचून दाखवलं तर सौभाग्यवतींनी एक अंडं उचलून गालाला लावलं आणि म्हणाल्या, 'जरा कमी हाय.' मीटर 37.1 दाखवत होता. असो.

शेवटच्या दिवसांत घाई नडते. विसाव्या दिवशी कान लावला तर आतून बारीक चिवचिव ऐकू येते. मग कवचावर एक चीर पडते, एवढीशी टिकली उचलल्यासारखी. त्यानंतर कधीकधी बारा-बारा तास काहीच होत नाही. पिल्लू थकलेलं नसतं, आतल्या पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. इथे माणसाला राहवत नाही. तो झाकण उघडतो, बघतो, घरच्यांना दाखवतो, दमट हवा निघून जाते आणि पापुद्रा वाळून पिल्लाच्या पिसांना घट्ट चिकटतो. मग नखाने कवच सोलायला घेतलं की रक्त येतं. झाकणाला काच एवढ्यासाठीच असते. बाहेर आलेल्या पिल्लालाही लगेच खाणं लागत नाही. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस काढतं, तेव्हा अंग वाळेपर्यंत पेटीतच राहू द्यावं.

इथपर्यंत बहुतेक जण नीट येतात. फोटो निघतात, स्टेटसला लागतात, आणि आपली यशोगाथाही इथेच संपली होती. पुढे पहिला आठवडा 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. म्हणजे बल्ब आणखी महिनाभर जळतो. मुंगसाची, मांजराची राखण वेगळीच. पण खरा घात होतो मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने. आली की दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. माझ्या पाहण्यातल्या एका बचत गटाने चांगलं स्वयंचलित मशीन घेतलं होतं. पिल्लं छान निघाली आणि महिन्याच्या आत माना वाकड्या करून गेली. आता त्या मशीनवर पापडाचे डबे असतात.

यावर औषध नाही, लस आहे. राज्यात ती औंधच्या सरकारी संस्थेत बनते. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा मात्रा. लस महाग नाही. अडचण बाटलीची आहे. बाटली लहानात लहान मिळते ती बहुधा शंभर मात्रांची. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. पेटीवाल्याकडे पिल्लं वीस. ऐंशी मात्रा ओतून टाकायला दुकानदारही तयार होत नाही आणि दवाखान्यातले डॉक्टरही. त्यांचा यात दोष नाही, सोळा-सतरा गावं एका माणसाने बघायची असतात. मग वीस पिल्लं तशीच राहतात, आणि अशी वीस-वीस पिल्लं प्रत्येक वाडीत आहेत.

म्हणून पशुसंवर्धन विभागाला आपल्या पत्रातून एवढंच सुचवायचं आहे. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याने दर चार आठवड्यांनी एक वार लसीचा ठरवावा, शक्यतो आठवडी बाजाराचा, आणि तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. अंडी उबवायचे 21 दिवस आणि लसीपर्यंतचे 7, मिळून बरोबर चार आठवडे होतात. म्हणजे बाजार बुधवारचा असेल तर एका लसीच्या बुधवारी अंडी पेटीत ठेवायची आणि पुढच्या लसीच्या बुधवारी सात दिवसांची पिल्लं टोपलीतून न्यायची. दुसरी मात्रा पाचव्या आठवड्यात, ती त्याच्या पुढच्या फेरीला आपोआप येते. पाच घरांची वीस-वीस पिल्लं एकत्र आली की बाटली संपली. यासाठी ना नवी योजना लागते, ना अनुदान.

आपल्या वार्ताहरांनीही पुढची यशोगाथा लिहिताना पिल्लं निघाल्याच्या दिवशी जाऊ नये, दोन महिन्यांनी जावं आणि किती उरली ते मोजून छापावं.

आमच्या भागात तारीख ठरली तर आमच्या तीन वाड्यांतली पिल्लं बाजारापर्यंत न्यायला टेम्पोची सोय मी करीन. बर्फाचा डबाही घरात आहे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. कर्मचारी,
जि. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती, पेट्यांची मागणी आधीच आवरत नाही.)